एका लिटरात किती क्षार? नीरेच्या खोऱ्यातील संहतीचे गणित

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखादा शेतकरी विहिरीच्या पाण्याची बाटली आणि मातीची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत जातो. काही दिवसांनी त्याच्या हाती एक कागद पडतो. सामू, विद्युतवाहकता, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट अशी नावे आणि त्यांपुढे आकडे. कुठे मिलिग्रॅम प्रति लिटर, कुठे मिलिइक्विव्हॅलंट, कुठे डेसीसायमन प्रति मीटर, तर कुठे नुसतेच टक्के. या कागदावर ऊस लावायचा की नाही, जिप्सम किती टाकायचे, निचऱ्यासाठी चर काढायचे की नाही, हे हजारो रुपयांचे निर्णय अवलंबून असतात. परंतु आकड्यांची भाषा उमगली नाही, तर तो कागद नुसताच घडी घालून खिशात जातो.

या सर्व आकड्यांच्या मुळाशी रसायनशास्त्रातील एकच कल्पना आहे. ती म्हणजे द्रावणाची संहती. अकरावी-बारावीच्या पुस्तकात ती चार सूत्रांच्या रूपाने भेटते आणि परीक्षेनंतर बहुतेकांच्या विस्मरणात जाते. नीरेच्या खोऱ्यात मात्र शंभराहून अधिक वर्षे या कल्पनेशी शेतीचे भवितव्य बांधलेले आहे.

शतकापूर्वीचा इशारा

१८७६-७७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर आकाराला आलेल्या नीरा डाव्या कालव्यातून १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. पुरंदर, बारामती आणि इंदापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात, जेथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे बारमाही पाणी आले. ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. पण पाठोपाठ आणखी एक गोष्ट घडली. कालव्याखालच्या सखल, काळ्याभोर जमिनींत पाण्याची पातळी वर येऊ लागली आणि उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर दिसू लागला. एके काळी उत्तम पिकणारी रानेच पडीक होऊ लागली.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनतज्ज्ञ. व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह त्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवरील त्यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे कालवा सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांच्या आतच हा प्रश्न स्वतंत्र शास्त्रीय अभ्यासाइतका गंभीर झाला होता. पुढे २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने अजैविक ताणांच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. दुष्काळ, उष्णता यांच्याबरोबरच क्षारता हाही पिकांवरील असाच एक ताण होय.

पांढरा थर म्हणजे काही आकाशातून पडलेले संकट नव्हे. ते पाण्याबरोबर आलेले आणि मातीत आधीपासून असलेले क्षार आहेत. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. या साध्या वाक्याचे गणित मांडले की सगळा प्रश्न उलगडतो.

संहती म्हणजे काय?

पाण्यात साखर विरघळवली की पाणी हे द्रावक, साखर हे द्राव्य आणि गोड पाणी हे द्रावण. ठरावीक द्रावणात द्राव्य किती, हे सांगणारी संख्या म्हणजे संहती. येथे 'किती' या शब्दाइतकाच 'कशात' हा शब्द महत्त्वाचा आहे. बहुतेक चुका दुसऱ्या शब्दाकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

उदाहरणासाठी या भागात उसाच्या रसाइतके ओळखीचे दुसरे द्रावण नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखान्यांच्या परिसरात 'ब्रिक्स' हा शब्द शेतकऱ्यांच्या बोलण्यात सहज येतो. ऊस पक्व झाला की नाही, हे पाहण्यासाठी हाती धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकतात आणि डोळ्याला लावून आकडा वाचतात. २० ब्रिक्स याचा अर्थ १०० ग्रॅम रसात २० ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ. १०० ग्रॅम पाण्यात नव्हे, १०० मिलिलिटर रसातही नव्हे. १०० ग्रॅम रसात.

क्षणभर असे समजू, की हे सर्व घन पदार्थ निव्वळ साखरच आहेत. २० टक्के साखरेच्या द्रावणाची घनता साधारण १.०८ ग्रॅम प्रति मिलिलिटर असते. म्हणून एक लिटर रसाचे वजन १०८० ग्रॅम आणि त्यात साखर २१६ ग्रॅम. वजनाच्या हिशेबाने हे द्रावण २० टक्के. पण आकारमानाच्या हिशेबाने, म्हणजे १०० मिलिलिटरमागे, ते २१.६ टक्के. साखरेचा रेणुभार ३४२ आहे. २१६ ला ३४२ ने भागले की एका लिटरात ०.६३ मोल साखर मिळते. ही त्या रसाची मोलॅरिटी. आता लिटर बाजूला ठेवून द्रावकाचे वजन धरले, तर ८०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅम साखर, म्हणजे एक किलो पाण्यात २५० ग्रॅम, अर्थात ०.७३ मोल, ही त्याची मोलॅलिटी.

रस एकच, पण २०, २१.६, ०.६३ आणि ०.७३ अशी चार उत्तरे. चारही बरोबर आहेत. फरक आहे तो फक्त छेदात काय धरले याचा. म्हणून एककाशिवाय दिलेला संहतीचा आकडा अर्थशून्य ठरतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. रसात साखरेशिवाय ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार आणि इतर पदार्थही विरघळलेले असतात. प्रत्यक्ष सुक्रोजचे प्रमाण कारखान्याच्या प्रयोगशाळेत 'पोल' या मापाने ठरते. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल, तर रसाची शुद्धता १७ भागिले २०, म्हणजे ८५ टक्के. चोपण जमिनीतील उसाच्या रसात क्षार अधिक आले, की ब्रिक्स चांगला दिसूनही साखर कमी मिळू शकते, ती यामुळेच.

पाणी गेले, द्राव्य राहिले

कारखान्यात रस आटवताना जे घडते, तेच शेतात संथपणे घडत असते. १५ ब्रिक्सचा १०० टन रस घेतला, तर त्यात १५ टन घन पदार्थ असतात. तो आटवून ६० ब्रिक्सचा पाक करायचा आहे. घन पदार्थ १५ टनच राहणार. ते आता पाकाच्या ६० टक्के असले पाहिजेत. १५ ला ०.६० ने भागले की पाक २५ टन. म्हणजे ७५ टन पाण्याची वाफ करावी लागली. पाणी एक चतुर्थांशाहूनही कमी उरले, एकूण वजन एक चतुर्थांश झाले आणि संहती चौपट झाली.

या हिशेबाचे सूत्र लहानसे आहे. आधीची संहती गुणिले आधीचे प्रमाण बरोबर नंतरची संहती गुणिले नंतरचे प्रमाण. पाणी घातले काय किंवा काढले काय, द्राव्य तेवढेच राहते, एवढाच त्याचा आशय. द्रावण पातळ करताना आणि आटवताना हेच एक सूत्र पुरते.

आता कारखान्यातून शेतात येऊ. पिकाची मुळे जवळजवळ शुद्ध पाणीच शोषून घेतात. क्षार त्यांना अत्यल्प लागतात. उरलेले पाणी सूर्य उडवतो. म्हणजे ऊस उभा असलेले रान हे एक मोठे, उघडे बाष्पीभवन पात्रच असते. फरक इतकाच, की कारखान्यात आटवून मिळालेला पाक हवाहवासा असतो आणि शेतात आटून राहिलेले मीठ नकोसे.

एका विहिरीचा हिशेब

हिशेबासाठी एका काल्पनिक विहिरीचे पाणी घेऊ. त्याची विद्युतवाहकता १.६ डेसीसायमन प्रति मीटर आहे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. क्षार विरघळले की त्यांचे आयन वीज वाहून नेतात. म्हणून वाहकता मोजली की क्षारांचा अंदाज काही सेकंदांत येतो. अशा पाण्यासाठी वाहकतेला ६४० ने गुणले, की एका लिटरातील एकूण विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम साधारणपणे मिळतात. येथे १.६ गुणिले ६४०, म्हणजे १०२४ मिलिग्रॅम. एका लिटरात सुमारे एक ग्रॅम.

एक लिटर पाण्याचे वजन जवळपास एक किलो, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम असते. म्हणून पातळ द्रावणांत एक मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजेच दहा लाख भागांत एक भाग, अर्थात एक पीपीएम. या पाण्याची क्षारता त्यामुळे सुमारे १००० पीपीएम किंवा ०.१ टक्के म्हणता येईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. दुसरा स्रोतच नसेल तेव्हा २००० पर्यंत सवलत मिळते. म्हणजे हे पाणी माणूस नाइलाजाने पिऊ शकेल. जिभेला ते किंचित मचूळ लागेल, इतकेच.

पण जमीन हे पाणी रोज पिते. उसाला पाटाने वर्षभरात एकूण दोन मीटर उंचीचे पाणी दिले असे धरू. एक हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर. त्यावर दोन मीटर पाणी म्हणजे २० हजार घनमीटर, अर्थात दोन कोटी लिटर. प्रत्येक लिटरात १.०२४ ग्रॅम क्षार धरले, तर एकूण क्षार भरतात २० टनांहून अधिक. एकरी आठ टनांहून जास्त! कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून एवढे मीठ रानात आणून ओतले असते, तर गावाने त्याला वेड्यात काढले असते. विहिरीच्या पाटाने तेच मीठ येते, तेव्हा कोणाला दिसत नाही.

तुलनेसाठी ०.२५ वाहकतेचे, म्हणजे सुमारे १६० मिलिग्रॅम क्षारांचे गोड पाणी घेतले, तर तेवढ्याच सिंचनात हेक्टरी ३.२ टन क्षार येतात. म्हणजे गोडे पाणीही निर्दोष नाही. ते फक्त सावकाश काम करते. पाऊस आणि निचरा यांनी त्यातील काही भाग धुतला जातो, काही भाग चुनखडीच्या रूपाने मातीत बसतो. पण काळ्या, चिकण जमिनीतून पाणी खाली उतरण्याचा वेग मंद असतो आणि येथील पाऊसही बेताचा.

निचऱ्याचे गणितही याच सूत्रातून निघते. दिलेल्या १०० लिटर पाण्यापैकी ७५ लिटर पिकाने घेतले आणि २५ लिटर मुळांखाली निचरून गेले, तर निचरलेल्या पाण्याची संहती चौपट होते. १.६ ची वाहकता ६.४ वर जाते. निचरा फक्त १० लिटर असेल तर ती दहापट, म्हणजे १६ होते. आणि निचरा मुळीच नसेल? मग संहतीला वरची मर्यादा उरत नाही. क्षार स्फटिक होऊन बाहेर पडेपर्यंत ती वाढतच जाते. उन्हाळ्यातील तो पांढरा थर म्हणजे या समीकरणाचे शेवटचे उत्तर.

पिकांच्या सहनशक्तीचे आकडे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकांतून उपलब्ध आहेत. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता १.७ च्या पुढे गेली, की उसाचे उत्पादन प्रत्येक एककामागे ५.९ टक्के घटू लागते. वाहकता ५.१ झाली, तर ३.४ गुणिले ५.९, म्हणजे २० टक्के घट. द्राक्षांची मर्यादा १.५ आणि घट प्रत्येक एककामागे ९.६ टक्के, त्याच रानात द्राक्षबाग असेल तर नुकसान ३४ टक्क्यांवर जाते. गव्हाची मर्यादा मात्र ६.० आणि कापसाची ७.७ आहे. ऊस बसलेल्या रानात गहू तग धरतो, तो यामुळे.

अहवाल वाचताना होणारी गफलत

मातीच्या अहवालातील एक गफलत फार घातक आहे. क्षारयुक्त जमिनीची प्रचलित व्याख्या अशी, की वाहकता ४ पेक्षा अधिक, सामू ८.५ पेक्षा कमी आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी. यातील ४ हा आकडा संपृक्त अर्काचा आहे. म्हणजे माती जेमतेम लगदा होईल इतकेच पाणी घालून, ते पुन्हा गाळून काढून केलेल्या मोजणीचा. अनेक प्रयोगशाळांत मात्र सोयीसाठी एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असे मिश्रण करून वाहकता मोजतात.

भारी काळ्या मातीच्या १०० ग्रॅमचा लगदा होण्यास ७५ मिलिलिटर पाणी लागले असे धरू. दुसऱ्या पद्धतीत त्याच मातीत २५० मिलिलिटर पाणी पडते. क्षार तेवढेच, पाणी सव्वातीनपटीहून अधिक. म्हणून जी माती पहिल्या पद्धतीने ४ दाखवील, तीच दुसऱ्या पद्धतीने साधारण १.२ दाखवील. हा १.२ चा आकडा घेऊन त्याची ४ शी तुलना केली, की बिघडत चाललेली जमीन 'उत्तम' ठरते. अहवालावर मोजणीची पद्धत लिहिली आहे का, हे पाहणे म्हणूनच आकड्याइतकेच महत्त्वाचे. तापमानाचेही तसेच. वाहकता दर अंशामागे सुमारे दोन टक्क्यांनी वाढते; म्हणून ती २५ अंश सेल्सिअसला रूपांतरित करून सांगण्याचा प्रघात आहे.

वजन नव्हे, विद्युतभार

क्षार किती, एवढे कळून भागत नाही; ते कोणते, हेही पाहावे लागते. कॅल्शियम मातीच्या कणांना एकत्र बांधतो. सोडियम त्यांना सुटे करतो. सोडियम वाढला की चिकण मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते. ओली असताना चिखल आणि सुकली की दगड, अशी ही चोपण जमीन. तिचा सामू ८.५ च्या वर जातो आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे.

येथे मिलिग्रॅमची तुलना उपयोगाची नाही. मातीच्या कणावर जागा मिळते ती विद्युतभाराच्या हिशेबाने. सोडियमच्या आयनावर एक भार, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर दोन. म्हणून अणुभाराला भाराने भागून येणारे तुल्यभार वापरतात: सोडियमसाठी २३, कॅल्शियमसाठी २०, मॅग्नेशियमसाठी सुमारे १२. आपल्या काल्पनिक विहिरीत लिटरमागे सोडियम २७६, कॅल्शियम ४० आणि मॅग्नेशियम २४ मिलिग्रॅम असेल, तर भागाकार करून अनुक्रमे १२, २ आणि २ मिलिइक्विव्हॅलंट मिळतात. बेरीज १६. या बेरजेला १० ने भागले की वाहकता साधारण मिळते, ती १.६. अहवालातील आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, हे पडताळण्याची ही घरगुती कसोटी.

सोडियमच्या वर्चस्वाचे माप म्हणजे सोडियम शोषण गुणोत्तर. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेचे निम्मे करायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने सोडियमला भागायचे. येथे ४ चे निम्मे २, वर्गमूळ १.४१, १२ ला १.४१ ने भागले की ८.५. हा आकडा १० च्या आत असल्याने सोडियमच्या दृष्टीने पाणी ठीक, असा शेरा मिळू शकतो.

पण हेच पाणी मातीत आटून चौपट संहत झाले तर? सोडियम ४८, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून १६. १६ चे निम्मे ८, वर्गमूळ २.८३, गुणोत्तर १७. संहती चौपट झाल्यावर गुणोत्तर दुप्पट होते, कारण छेदात वर्गमूळ आहे. शिवाय बायकार्बोनेट जास्त असेल, तर कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडतो आणि सोडियमला रान मोकळे मिळते. पाणी मुरत नाही म्हणून क्षार धुतले जात नाहीत आणि क्षार धुतले जात नाहीत म्हणून पाणी मुरत नाही, असे दुष्टचक्र सुरू होते. बाटलीतील निरोगी पाणी रानात मात्र रोगी ठरते.

जिप्समचा हिशेब

चोपण जमिनीवरचा रूढ उपाय म्हणजे जिप्सम. त्यातील कॅल्शियम कणांवरील सोडियमला हुसकावून लावतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो. जिप्समचा रेणुभार १७२, भार दोन, म्हणून तुल्यभार ८६. दर १०० ग्रॅम मातीतून ५ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढायचा असेल, तर ५ गुणिले ८६, म्हणजे ४३० मिलिग्रॅम जिप्सम लागेल. एक किलो मातीला ४.३ ग्रॅम. एका हेक्टरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २२.४ लाख किलो धरतात. गुणाकार केला की जिप्सम भरते ९.६ टन. बाजारातील माल ८० टक्केच शुद्ध असेल, तर ९.६ ला ०.८ ने भागून १२ टन घ्यावे लागेल.

इथपर्यंतचा हिशेब अनेकजण करतात. पुढचा सहसा राहून जातो. जिप्सम पाण्यात फारसे विरघळत नाही. एका लिटरात सुमारे अडीच ग्रॅम. ९.६ टन विरघळण्यास, साध्या पाण्यातील विद्राव्यतेच्या हिशेबाने, जवळपास ३८ लाख लिटर पाणी हवे. म्हणजे त्या हेक्टरावर ३८ सेंटिमीटर उंचीचे पाणी आणि ते निचरून जाण्यासाठी वाट. चर नसतील, तर सुटलेला सोडियम तिथेच घुटमळतो आणि जिप्समवरचा खर्च मातीतच राहतो. आधी निचरा, मग जिप्सम, मग गोडे पाणी आणि जोडीला धैंचासारखे हिरवळीचे खत. हा क्रम रसायनशास्त्रानेच ठरवून दिलेला आहे.

ठिबक सिंचनाने पाणी निम्म्यावर आले, तर क्षारांची आवकही निम्म्यावर येते. २० टनांऐवजी १०. हा लाभ मोठा आहे. मात्र ठिबकच्या ओलाव्याच्या कडेला क्षार गोळा होतात आणि पहिल्या हलक्या पावसात ते मुळांकडे सरकू शकतात. क्षार कमी आले म्हणजे निचऱ्याची गरज संपली, असे होत नाही.

द्राक्षबागेतील चिमूटभर पावडर

संहतीच्या गणिताची दुसरी कसोटी लागते ती फवारणीच्या पंपाशी. द्राक्षाचे मणी आणि घड लांबवण्यासाठी जिबरेलिक आम्ल वापरतात. त्याच्या मात्रा पीपीएममध्ये असतात. समजा, २०० लिटर पाण्याचे २० पीपीएम द्रावण करायचे आहे. दर लिटरला २० मिलिग्रॅम, म्हणून २०० लिटरना ४००० मिलिग्रॅम, अर्थात ४ ग्रॅम. पावडरीत मूळ घटक ९० टक्के असेल, तर ४ ला ०.९ ने भागून ४.४४ ग्रॅम. ही पावडर पाण्यात सहज विरघळत नसल्याने ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घेतात. मग एक लिटर पाण्यात तिचे द्रावण केले, तर त्याची संहती ४००० पीपीएम होते आणि ते २०० लिटरच्या टाकीत भरून घेतले की २० पीपीएम. तेच जुने सूत्र.

टक्के आणि पीपीएम यांतील अंतर येथे ध्यानात ठेवावे लागते. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. युरियाची एक टक्का फवारणी म्हणजे १०० लिटरला एक किलो; संप्रेरकाची १० पीपीएम फवारणी म्हणजे १०० लिटरला एक ग्रॅम. दोन्ही फवारण्या एकाच पंपातून होतात, पण त्यांच्यात हजार पटींचे अंतर आहे. दशांश चिन्ह एक घर सरकले, तर वर्षभर जपलेल्या बागेचे घड बिघडू शकतात.

गावच्या पिण्याच्या विहिरीलाही हाच न्याय लागू होतो. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. त्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरिन सोडायचा, तर ३७.७ ग्रॅम क्लोरिन हवा. ब्लीचिंग पावडरीत तो ३३ टक्के असेल, तर पावडर ११४ ग्रॅम. पण पोते उघडे राहून दमट झाले असेल, तर ३३ टक्के हा आकडा फक्त पिशवीवरच उरतो. सूत्र बरोबर आणि उत्तर चूक, असे घडते ते अशा वेळी.

आकड्यांमागची शिस्त

संहतीच्या कोणत्याही गणिताआधी चार प्रश्न विचारले, की बहुतेक चुका टळतात. द्राव्य नेमके कोणते आणि ते किती शुद्ध? ते कशात मोजले, वजनात की आकारमानात, द्रावणात की द्रावकात? एकक कोणते? आणि मोजल्यानंतर पाणी वाढले की घटले? पाठ्यपुस्तकात चौथा प्रश्न एका ओळीत संपतो. शेतात तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण तेथील पाणी कधीच स्थिर नसते.

नीरेचे पाणी या भूमीत आले, त्याला आता एकशेचाळीस वर्षे होतील. त्या पाण्याने साखर कारखाने उभे केले, शाळा-महाविद्यालये उभी केली, दुष्काळी मुलखाचे रूप पालटले. त्याच पाण्याने लिटरमागे काही मिलिग्रॅमच्या हिशेबाने सखल रानांत क्षारही साठवले. पाणी किती मिळाले, याची चर्चा प्रत्येक आवर्तनाच्या वेळी होते. ते पाणी काय घेऊन आले आणि काय मागे ठेवून गेले, याचा जमाखर्च मात्र प्रयोगशाळेच्या त्या घडी घातलेल्या कागदावरच असतो. तो कागद उलगडून वाचता आला, तर पांढरा थर दिसण्याची वाट पाहावी लागत नाही.